आषाढातले ऊन आणि दिंडीची बॅटरी

(द्वितीय वर्ष कला)

वार्षिकांकासाठी लेख मागवल्याची सूचना फलकावर लागली तेव्हा वर्गातल्या मैत्रिणींचे विषय अर्ध्या तासात ठरले. मी दिंडीच्या बॅटरीवर लिहिणार म्हटल्यावर मात्र सगळ्या हसल्या. अर्थशास्त्र घेतलेल्या मुलीने बॅटरीवर काय लिहायचे, असा त्यांचा प्रश्न. त्याचे उत्तर असे की, माझ्या हातून दिंडीच्या दोन बॅटऱ्या मेल्या आहेत. त्या बत्तीस हजार रुपयांच्या होत्या आणि ते पैसे धुणीभांडी करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या बायकांच्या वर्गणीतून उभे राहिले होते. तेव्हा या विषयावर लिहिण्याचा थोडाफार अधिकार मी मिळवलेला आहे, असे समजून वाचकांनी हा लेख वाचावा.

आम्ही कल्याण पूर्वेला राहतो. वडिलांचे बॅटरी दुरुस्तीचे लहानसे दुकान आहे. त्यांचे शिक्षण आठवीपर्यंत, आईचे चौथीपर्यंत. घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. आजी गेली पंचवीस वर्षे आषाढीला पायी जाते. तिच्या दिंडीत निम्मी माणसे कल्याण-डोंबिवलीची आणि बाकीची कळवा, ठाणे या बाजूची. ज्यांनी वारी फक्त टीव्हीवर पाहिली आहे त्यांना टाळ, पताका आणि दिवे घाटातली गर्दी आठवते. त्या गर्दीमागून किंवा पहाटेच पुढे निघून जाणारे हजारो ट्रक कॅमेऱ्यात फारसे येत नाहीत. माणसे चालतात आणि संसार ट्रकमधून जातो. राहुट्या, भांडी, शिधा, औषधे, अंथरुणे, सगळे त्यात. रात्री म्हाताऱ्या बायका ताडपत्रीखाली ट्रकमध्येच झोपतात. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात लोक ट्रकच्या पाठीवर खोली बांधून महिनोन्‌महिने फिरतात म्हणे. त्यांची खोली कितीही झकपक असली तरी त्यांच्यापुढचा एक प्रश्न आणि आमच्या दिंडीपुढचा एक प्रश्न अगदी सारखा आहे: छतावरचे ऊन पुरले नाही तर बॅटरी भरायची कशी?

आमच्याकडे हा प्रश्न २०२४ साली आला आणि तो मीच आणला. त्या वर्षी माउलींच्या पालखीचे आळंदीहून प्रस्थान २९ जूनला होते आणि आषाढी एकादशी १७ जुलैला. माझी बारावी नुकतीच झालेली. तोपर्यंत दिंडीत दिव्यांसाठी भाड्याचा जनरेटर असे. तो हरिपाठापासून निजानीज होईपर्यंत धडधडायचा, धूर सोडायचा, आणि कीर्तनकारांना त्याच्यावर आवाज चढवावा लागायचा. वारीच्या आधीच्या बैठकीत मी उभी राहून सांगितले की, सौर पॅनेल घ्या, ऊन फुकट आहे. वहीवर हिशेबही मांडून दाखवला. एका पॅनेलवर १६५ वॅट छापलेले, दोन पॅनेलचे ३३० वॅट, उजेडाचे दहा तास, म्हणजे ३३०० वॅट-तास. आपल्या वीजबिलातले एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. तेव्हा रोजची सव्वातीन युनिटे फुकट! त्यावर दीडशे अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या आणि एक इन्व्हर्टर. शिकलेली पोर सांगते आहे म्हणून कुणी शंका काढली नाही. वडिलांना मी विचारलेही नाही. घरातल्या माणसाला कोण विचारते?

आता त्या हिशेबातली चूक सांगते. पॅनेलवर छापलेले वॅट हे ठरावीक परिस्थितीतले असतात. दर चौरस मीटरवर १००० वॅट इतके प्रखर ऊन आणि पॅनेलचे तापमान २५ अंश. असे ऊन ट्रकच्या छतावर आडव्या टाकलेल्या पॅनेलला दहा तास कधीच मिळत नाही. स्वच्छ दिवशीसुद्धा सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन गोळा करून जमेस धरले तर पूर्ण ताकदीचे पाच तास भरतात. त्यातून तापलेल्या पॅनेलची घट, वायरीतली घट वजा करा. हाती उरतात अकराशे-बाराशे वॅट-तास. आणि आषाढ म्हणजे स्वच्छ दिवस नव्हे. पुणे सोडून घाट चढला की सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण हा सगळा पर्जन्यछायेचा मुलूख. तिथे पाऊस बेताचा पडतो, पण सह्याद्रीवरून आलेले ढग डोक्यावरून हलत नाहीत. चालणाऱ्याला ते ढग म्हणजे माउलीची कृपा आणि पॅनेलला उपास. मी पुढे मोजले तेव्हा अशा दिवशी आमच्या दोन पॅनेलकडून तीनशे-साडेतीनशे वॅट-तासांपेक्षा जास्त मिळाले नाहीत. त्यात आमचे ड्रायव्हरकाका सवयीने गाडी झाडाखाली लावणार. पॅनेलमधल्या काचेखालच्या चकत्या एकामागे एक साखळीसारख्या जोडलेल्या असतात. चिंचेच्या एका फांदीची सावली दोन-तीन चकत्यांवर पडली तरी पॅनेलचा बराच भाग गप्प बसतो.

खर्चाची बाजू तर मी नीट पाहिलीच नव्हती. नऊ वॅटचे आठ दिवे पाच तास, म्हणजे ३६० वॅट-तास. भजन-कीर्तनाचा ध्वनिवर्धक चार तास, २४०. इथपर्यंत माझ्या वहीत होते. नव्हते ते मोबाईल. दिंडीत साठ फोन आणि एक फोन भरायला सरासरी पंधरा वॅट-तास धरा, की झाले ९००! दिवे आणि माईक मिळून जेवढी वीज खात नव्हते त्याच्या दीडपट एकटे फोन खात होते. घरी रात्री नातवंडांचे तोंड पाहिल्याशिवाय आमच्या बायकांना झोप येत नाही, आणि त्यात गैर काही नाही. पण एकूण दीड हजार वॅट-तास, इन्व्हर्टरमध्ये होणारी नासाडी धरून साडेसतराशे. कडक उन्हातही पुरले नसते, ढगात तर विचारायलाच नको.

पुण्याच्या दोन रात्री बॅटरीत होते त्यावर निघाल्या. सासवडला दिवे पिवळे पडू लागले. वाल्ह्याच्या मुक्कामी हरिपाठ चालू असतानाच इन्व्हर्टर किंचाळला आणि अंधार झाला. विणेकरीबुवा काही बोलले नाहीत. कुणीतरी बत्ती आणली आणि हरिपाठ पुढे चालू राहिला. मी ट्रकच्या मागे जाऊन उभी राहिले.

लोणंदला दोन के.व्ही.ए.चा पेट्रोल जनरेटर भाड्याने घेतला आणि त्यावर दहा अँपिअरचा एक चार्जर लावला. रात्री जेवणे झाल्यावर सुरू करायचा आणि दोन-तीन वाजेपर्यंत चालवायचा असे चालले. दिवे आणि फोनही त्याच वेळी बॅटरीवरच चालू. तीन-साडेतीन लिटर पेट्रोल जाई आणि सकाळी बॅटरी पुन्हा अर्धीमुर्धी. नातेपुत्याच्या अलीकडे एका रात्री पाऊस आला. जनरेटर भिजू नये म्हणून पोरांनी तो ट्रकच्या मागच्या फाळक्यापाशी ओढला आणि वरून ताडपत्री सोडली. तासाभराने आत झोपलेल्या बायकांची डोकी दुखू लागली. आजीला उलटी झाली. कुणाला वाटले अपचन, कुणाला वाटले उकाडा. एका म्हातारीने उठून ताडपत्री वर केली म्हणून बरे. इंजिनच्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड वायू डोळ्यांना दिसत नाही, त्याला वासही नाही. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक ओढीने त्याला धरते, आणि झोपलेले माणूस जागे न होताच जाते. हे मला नंतर कळले. त्या रात्रीची आठवण झाली की बत्तीस हजारांचे काही वाटेनासे होते.

एकादशी झाली, आम्ही परत आलो. बॅटऱ्या दुकानात उतरवल्या. वडिलांनी एकेका घरात हायड्रोमीटर घालून पाहिला. भरलेल्या ट्यूबलर बॅटरीची ग्रॅव्हिटी बाराशे चाळीसच्या आसपास दिसायला हवी, इथे अकराशेच्या घरात. दोन दिवस चार्जिंगला लावूनही चढेना. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "किती अँपिअर दिलेस?" मी म्हटले, दहा. "तीनशेच्या बँकेला दहा! आणि वरून खर्च चालू! बॅटरी पंधरा दिवसांत एकदाही भरली नाही गं."

शिशाची बॅटरी १८५९ साली फ्रान्समध्ये गास्ताँ प्लाँते याने बनवली, आणि तिचा स्वभाव अजून तोच आहे. वीज काढली की दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट बसते. वीज भरली की ते निघून आम्लात परत जाते. पण अर्धवट भरलेल्या अवस्थेत बॅटरी दिवसेंदिवस ठेवली तर त्या सल्फेटचे खडे घट्ट होत जातात आणि मग ते निघत नाहीत. दुकानाच्या भाषेत, बॅटरी बसते. आमच्या बॅटऱ्या उपाशी बसल्या होत्या.

यातून पुढे काय करायचे ते कळण्यासाठी बॅटरी वीज कशी पिते हे मला आधी पाहावे लागले. दिवाळीच्या सुट्टीत मी दुकानातल्या बेंचवर दीडशे अँपिअर-तासांची एक चांगली बॅटरी अर्धी उतरवली, वीस अँपिअरच्या स्वयंचलित चार्जरवर लावली आणि दर तासाला काटा वहीत टिपला. पहिले दोन तास काटा वीसवर ठाम. तिसऱ्या तासाला सरासरी चौदा. चौथ्याला नऊ, पाचव्याला सहा, सहाव्याला चार, सातव्याला तीन. म्हणजे पहिल्या दोन तासांत चाळीस अँपिअर-तास आत गेले आणि शेवटच्या चार तासांत जेमतेम बावीस.

असे का होते हे डोंबिवलीकराला समजावून सांगण्याची गरज नसावी. डोंबिवलीहून सुटणारी रिकामी लोकल फलाटाला लागली की बसण्याच्या जागा निमिषात भरतात, मग उभे राहणारे शिरतात, आणि शेवटच्या दहा माणसांना दारात पाय टेकवायला आधीच्या शंभरांइतका वेळ लागतो. बॅटरीचेही तसेच. पट्टीच्या पृष्ठभागावरचे सल्फेट लगेच मोकळे होते. आत खोलवरचे, उरलेसुरले सल्फेट सावकाश. दार भरल्यावर आणखी जोरात ढकलले तर आत माणूस जात नाही, कुणाची तरी बोटे चेंगरतात. तसे बारा व्होल्टच्या बॅटरीवर साडेचौदा व्होल्टांच्या वर जोर लावत राहिले तर वीज साठण्याऐवजी पाणी फोडते, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे बुडबुडे निघतात, पाणी कमी होते. म्हणून चांगला चार्जर व्होल्ट धरून ठेवतो आणि अँपिअर आपोआप उतरू देतो.

आता जनरेटरची बाजू. इंजिन फिरायला लागले की त्याला फिरण्यापुरते पेट्रोल लागतेच, बॅटरी वीस अँपिअर पिवो की तीन. सातव्या तासाचे पेट्रोल पहिल्या तासापेक्षा थोडे कमी जळते, पण मिळकत सातपट कमी. बारावीला घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत पाठ करताना पोळ्यांचे उदाहरण होते. भुकेल्याला पहिली पोळी किती गोड आणि पाचवी कशी नकोशी. त्या परीक्षेत मला चांगले गुण होते. लोणंदला त्याचा काही उपयोग झाला नाही.

वडिलांना मात्र ही गोष्ट पुस्तकाशिवाय माहीत होती, आणि ती कशी हे त्यांनी मला त्या बेंचपाशीच सांगितले. २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास आणि वालधुनी दोन्ही नद्या कल्याणात शिरल्या. त्या वेळी वडील दुसऱ्याच्या दुकानात कामाला होते. दुकानाच्या वस्तीत कित्येक दिवस वीज नव्हती. मालकाने एक जनरेटर मिळवला आणि लोक आपापल्या इन्व्हर्टरच्या, रिक्षांच्या बॅटऱ्या खांद्यावर घेऊन रांगेला उभे राहिले. पेट्रोल मोजकेच. पहिल्या दिवशी त्यांनी एक एक बॅटरी पूर्ण भरायला घेतली, तर संध्याकाळपर्यंत चारच भरल्या आणि रांग तशीच. दुसऱ्या दिवसापासून दुकानातल्या मिस्त्रींनी नियम केला की, प्रत्येकाला दोनच तास. पूर्ण भरून मागायची नाही. तेवढ्याच पेट्रोलमध्ये कितीतरी अधिक घरांत रात्री दिवा लागला. भांडणे झालीच, कारण पहिल्याने पैसे देऊन अर्धीच बॅटरी का न्यावी? पण नियम टिकला.

तर दिंडीसाठीही नियम हाच: जनरेटरने बॅटरीचा भुकेला भाग भरायचा आणि बंद करायचा. पण मग वरचा भाग कुणी भरायचा? इथे मला ते निरुपयोगी ठरलेले पॅनेल पुन्हा आठवले. शेवटच्या टप्प्यात बॅटरी तीन-चार अँपिअरच पिते, आणि ढगाळ दिवशी आमच्या पॅनेलजवळ देण्यासारखे तीन-चार अँपिअरच असतात. दोघांची जोडी छान जमते. मात्र क्रम चुकता कामा नये. सकाळी आधी जनरेटर, मग दिवसभर ऊन. आम्ही २०२४ साली नेमके उलटे केले होते. दिवसभर भुकेल्या बॅटरीला उन्हाचा घास-घास, आणि रात्री जनरेटर.

२०२५ सालची वारी १९ जूनला निघाली. त्या वर्षी मान्सून २६ मे रोजीच मुंबईत आला होता, तेव्हा ढगांची चिंता आधीपासून होती. पैसे नव्हते; म्हणून बॅटरी एकच, दीडशेची, आणि ती वडिलांच्या दुकानातून उधारीवर. बैठकीत मी पुन्हा उभी राहिले. आदल्या वर्षी टाळ्या वाजल्या होत्या, या वर्षी एका काकूंनी स्पष्ट विचारले, "तुझ्या बाबांना विचारलंस का?" विचारले होते.

जनरेटर दोन के.व्ही.ए.चाच, पण या वेळी कल्याणच्या मंडपवाल्याकडून. गणपती भाद्रपदात, आषाढात त्याचे जनरेटर धूळ खात असतात, भाडे निम्म्यावर आले. चार्जर वीस अँपिअरचा. दीडशेच्या बॅटरीला पंधरा ते वीस अँपिअर हा मानवणारा घास. त्याहून कमी दिला तर जनरेटर रिकामा धावतो, फार जास्त दिला तर पट्ट्या तापतात. ट्रक पहाटे निघून आठ-नऊला पुढच्या मुक्कामी पोचतो. तेव्हा तळ रिकामा असतो, झोपलेले कुणी नसते, कीर्तन नसते. राहुट्या ठोकून होईपर्यंत अडीच तास जनरेटर चालवायचा. या वेळी चार्जर तीनशे-साडेतीनशे वॅटच खातो, म्हणजे जनरेटरची निम्म्याहून जास्त ताकद शिल्लक. तीवर फोन लावले. आमच्या बहुतेक बायका पावसात भिजेल म्हणून फोन पिशवीत घालून ट्रकमध्येच ठेवतात. पन्नासेक फोन, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी, आणि लाकडी फळीवर मारलेल्या प्लगांच्या रांगा. ही वीज बॅटरीत घालून परत काढायची नाही, त्यामुळे दोन्ही वेळची नासाडी वाचते. सगळ्यात मोठा खाऊ बॅटरीवरून उतरला तो इथे. चिठ्ठ्यांचा घोळ एकदाच झाला आणि एका आजोबांनी दुसऱ्याच्या सुनेला अर्धा तास आशीर्वाद दिले. असो.

रात्री बॅटरीवर दिवे, माईक आणि दहाएक फोन उरले. नासाडीसकट सुमारे पाऊणशे अँपिअर-तास. सकाळी बॅटरी अर्धी. जनरेटरचे अडीच तास, सत्तेचाळीसच्या आसपास. उन्हाचे पंचवीस. हिशेब जवळजवळ जुळतो, पण पुरता नाही, कारण बॅटरीत घातलेले सगळेच परत मिळत नसते. रोज दहा-पंधरा अँपिअर-तास आम्ही मागे पडत होतो. म्हणून पुण्यात आणि सासवडला, जिथे पालखीच्या दोन-दोन रात्री असतात, तिथे शेजारच्या घरातून वायर मागून घेतली आणि रात्रभर बॅटरी पूर्ण भरली. फलटणला तसेच केले. मुक्कामाच्या गावात वायर देणारे कुणीतरी भेटतेच. पण रोजच्या मुक्कामाला, माळावर, ती मिळेल असे धरून चालता येत नाही. शेवटच्या टप्प्याला तास लागतात, आणि घरच्या विजेवर तासांना किंमत नाही. पेट्रोल रोज दोन लिटरांच्या आत राहिले.

दोन प्रश्न मला वाटेत अनेकांनी विचारले. पहिला, ट्रकच्या डायनामोवरच का भरत नाही? आमचा ट्रक चोवीस व्होल्टचा, बॅटरी बारा व्होल्टची. मधे वेगळे यंत्र लागते. आणि दिवसाला वीस-बावीस किलोमीटर, तासाभराचा प्रवास; त्यात भरून भरून किती भरणार? ट्रकच्या स्वतःच्या बॅटरीवर दिवे लावणे तर साफ चूक, सकाळी गाडी ढकलायला अख्खी दिंडी लागेल. दुसरा प्रश्न, जनरेटरवर बारा व्होल्टचा पॉइंट असतो, त्यालाच बॅटरी का जोडत नाही? तो सात-आठ अँपिअरच देतो, आणि बॅटरी भरत आली की हात आखडता घेण्याची अक्कल त्याला नसते. दोनशेतीस व्होल्टच्या पॉइंटवर वेगळा चार्जर लावणे हेच बरे.

जागेचे नियम मी खडूने ट्रकच्या फाळक्यावर लिहून ठेवले होते आणि त्यात तडजोड केली नाही. जनरेटर ट्रकपासून पंचवीस फुटांवर, धुराचे तोंड माणसांच्या उलट्या दिशेला, वारा बदलला तर जागाही बदलायची. पाऊस आला तर वर पत्रा, पण चारही बाजू उघड्या. ताडपत्री अजिबात नाही. सूर्य मावळल्यावर तो सुरूच करायचा नाही, मग हरिपाठाला अंधार झाला तरी चालेल. पेट्रोल घालायचे ते इंजिन थंड झाल्यावर. बॅटरीची गोष्ट वेगळी आणि आमच्याकडे जरा नाजूक. ट्रकच्या कोपऱ्यात, बॅटरीच्या पेटीवरच, माउलींची तसबीर असायची आणि सकाळी तिथे उदबत्ती लागायची. बॅटरी भरताना निघणारा हायड्रोजन हवेत शंभरात चार भाग झाला तरी ठिणगीने पेटतो. तसबीर हलवायला सांगताना माझी जीभ अडखळली. आजीनेच ती उचलली आणि ड्रायव्हरच्या टपावरच्या फळीवर नेऊन ठेवली. "देव कुठंही बसतो," म्हणाली, "तुझी ती पेटी तेवढी सांभाळ."

६ जुलैला आषाढी झाली. कल्याणला परतल्यावर वडिलांनी पुन्हा हायड्रोमीटर घातला. पाच घरांत बाराशे चाळीस, सहाव्यात बाराशे पंचवीस. सहावे घर थोडे मागे आहे म्हणून त्यांनी बॅटरी आणखी एक रात्र चार्जरवर ठेवली आणि डिस्टिल्ड वॉटर घातले. उधारी अजून फिटलेली नाही. आदल्या वर्षीच्या वर्गणीचा विषय कुणी काढत नाही, पण मी वहीत लिहून ठेवला आहे.

बॅटरी सध्या दुकानातल्या फळीवर आहे. पडून राहिलेली बॅटरीही आपोआप उतरते, म्हणून महिन्यातून एका रविवारी मी तिला चार्जरवर लावते आणि काटा तीनवर आला की काढते. २०२६ साली ज्येष्ठ अधिक आहे, आषाढी एकादशी २५ जुलैला येते. म्हणजे प्रस्थान जुलैत, आणि ढग आणखी दाट. चार्जिंगचा अडीच तासांचा वेळ तीन तासांवर न्यावा लागेल असे मला वाटते. वडिलांचे म्हणणे आहे की आधी माईक किती तास चालतो ते बघ.